वजन दुसऱ्या वर्षी मोजावे

लग्नसराई तोंडावर आली की नागपुरात वजन उतरवून देणाऱ्यांच्या जाहिरातींना ऊत येतो. धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत ऑटोंच्या पाठीवर, वर्तमानपत्रात घालून येणाऱ्या पत्रकांवर आणि ओळखीच्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर एकच आश्वासन दिसते: महिन्याभरात दहा किलो कमी, औषध नाही, व्यायाम नाही, फक्त आहार. सोबत आधीचे आणि नंतरचे असे दोन फोटो असतात. नंतरच्या फोटोनंतर दोन वर्षांनी ती व्यक्ती कशी दिसते, हे कोणत्याही पत्रकावर छापलेले माझ्या पाहण्यात नाही. माझा मुद्दा नेमका त्याच न छापलेल्या फोटोविषयी आहे. कमी कॅलरीचा आहार सुरक्षित आहे की नाही, हे तो सुरू करण्यापूर्वी काय विचारले आणि काय तपासले यावरून कळते; तो टिकाऊ आहे की नाही, हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस काटा कुठे उभा आहे यावरून कळते. पहिल्या महिन्याचा आकडा या दोहोंपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, आणि म्हणून त्या आकड्यावर आहार विकण्याची मुभा कोणालाही असू नये असे माझे मत आहे.

वजन कमी करण्याची गरजच खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या ज्या ठेवणीकडे जगाचे लक्ष वेधले, ती आपल्या घराघरात दिसते: हातपाय बारीक, स्नायू कमी, आणि चरबी मात्र पोटाभोवती साठलेली. म्हणूनच युरोपीय लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २५ च्या पुढे गेला की जादा वजन मानले जात असले, तरी आपल्याकडचे डॉक्टर २३ पासूनच सावध करतात, आणि पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर ओलांडली की मधुमेहाची तपासणी करून घ्यायला सांगतात. दिवसभर दुकानाच्या गादीवर किंवा कार्यालयात संगणकासमोर बसणाऱ्या, सकाळी तर्री-पोहे आणि रात्री उशिरा भरपेट जेवण घेणाऱ्या माणसाने पाच-सात किलो वजन उतरवले तर त्याचा रक्तदाब, साखर आणि गुडघे या सर्वांचेच भले होते. कमी खाल्ल्याशिवाय वजन उतरत नाही, हेही खरेच. वाद आहे तो किती कमी, कोणी कमी, कोणाच्या देखरेखीखाली आणि त्यानंतर काय, याविषयी.

आधी दहा किलोंचा हिशेब करून पाहू, कारण तो करायला डॉक्टर असावे लागत नाही. शरीरातील एक किलो चरबी जाळायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरींची तूट लागते. दहा किलो चरबीसाठी ७७,००० कॅलरी, म्हणजे तीस दिवसांत रोज अडीच हजारांहून अधिक कॅलरींची तूट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार बैठे काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीची दिवसाची एकूण गरजच १,६६० कॅलरींची आहे. तिने महिनाभर अन्नाचा कणही पोटात घातला नाही तरी तूट भरते सुमारे ५०,००० कॅलरींची, आणि चरबी उतरते साडेसहा किलोंच्या आसपास. जास्त वजनाच्या शरीराचा खर्च थोडा अधिक असतो. तो रोजचा २,२०० धरला तरी निव्वळ उपाशी राहून साडेआठ किलोंच्या पुढे जाता येत नाही. मग काट्यावर जे दहा किलो खरोखरच कमी झालेले दिसतात ते कशाचे? पहिल्या आठवड्यात यकृत आणि स्नायूंमध्ये साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, संपते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत धरून ठेवलेले सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. त्यातच दीड-दोन किलोंचा निकाल लागतो. उरलेल्यात चरबी असते आणि तिच्यासोबत स्नायूही असतो. पाणी चार दिवस नीट जेवल्यावर परत येते. स्नायू इतक्या सहज परत येत नाही, आणि ज्या समाजाच्या अंगावर स्नायू मुळातच कमी आहे त्याला हा सौदा फार महाग पडतो.

आमच्या शेजारच्या एका वहिनींनी असाच एक आहाराचा कागद मला दाखवला होता. मुलीच्या लग्नाआधी वजन उतरवायचे म्हणून त्यांनी तो पैसे मोजून घेतला होता. सकाळी जिऱ्याचे कोमट पाणी आणि पाच भिजवलेले बदाम. अकरा वाजता एक सफरचंद. दुपारी दोन छोटे फुलके, वाटीभर दुधी, अर्धी वाटी पातळ मुगाचे वरण, काकडी. चार वाजता पेलाभर ताक. रात्री भाज्यांचे सूप, तेही सातच्या आत. मी त्या कागदाची बेरीज केली. फार उदार हाताने मोजले तरी दिवसाच्या कॅलरी साडेपाचशेच्या घरात, आणि प्रथिने सतरा-अठरा ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे वहिनींचे वजन ५५ किलोच असते तरी त्यांना सेहेचाळीस ग्रॅम लागली असती. वजन कमी करताना तर ही गरज वाढते, कारण शरीर तुटीच्या काळात स्वतःचे स्नायू मोडून खात असते. कागदावर वरच्या बाजूला नाव आणि उद्दिष्ट लिहायला जागा होती. चालू औषधे, आधीचे आजार, हिमोग्लोबिन, मासिक पाळी यांपैकी कशासाठीही जागा नव्हती. वहिनी रक्तदाबाची गोळी रोज घेतात, हे त्यांना कोणी विचारलेच नाही.

हा कागद सौम्य दिसतो, आणि त्याचा धोकाही त्यातच आहे. त्यात पावडर नाही, गोळी नाही, सगळे घरचेच अन्न आहे. पण वैद्यकशास्त्रात दिवसाला ८०० कॅलरींपेक्षा कमी आहाराला 'अतिशय कमी कॅलरीचा आहार' म्हणतात, आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय देऊ नये, असा दंडक आहे. दंडक उगाच पडलेला नाही. १९७६-७७ मध्ये अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर जगण्याच्या आहाराची मोठी लाट आली होती. दिवसाला तीन-चारशे कॅलरी, त्याही जनावरांच्या कातड्यापासून आणि स्नायूबंधांपासून काढलेल्या निकृष्ट प्रथिनांतून. सुमारे साठ माणसे दगावली, त्यांत तरुण स्त्रिया बऱ्याच होत्या, आणि अनेकांच्या मृत्यूचे कारण हृदयाची लय बिघडणे हे होते. तेव्हापासून अशा आहारात चांगल्या दर्जाची प्रथिने, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि नियमित रक्ततपासणी या गोष्टी अनिवार्य मानल्या गेल्या. याहून कमी गंभीर पण नेहमी आढळणारे परिणामही आहेत. आठवड्याला दीड किलोंपेक्षा अधिक वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळतात. पाळी अनियमित होते. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यांच्या ताटातून डाळ, पालेभाजी, अंडे किंवा मटण काढून घेऊन सूप ठेवणे म्हणजे एका आजारावर उपाय म्हणून दुसरा आजार वाढवणे होय.

नागपूरच्या हवेचाही यात भाग आहे, आणि मुंबई-पुण्याहून आयात केलेल्या आहारयोजनांत त्याचा विचार नसतो. आहार एकदम तोडला की पहिल्या काही दिवसांत मूत्रपिंडे मीठ आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त बाहेर टाकतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला, घामावाटे मीठ जाते आहे, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि ताटात अन्न व मीठ दोन्ही नावापुरते. अशा माणसाला दुपारी उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरचे 'ऊन लागले' म्हणून कांद्याचा रस चोळत बसतात, आणि गोळीचा डोस कमी करायला हवा होता ही गोष्ट कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन चालू असताना जेवण निम्म्याने कमी करणे तर त्याहून धोक्याचे, कारण साखर रात्री झोपेत घसरू शकते.

याउलट, आठशेच्या आसपास कॅलरींचा आहार नीट दिला तर काय होते याचे उत्तम उदाहरण ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या चाचणीत सापडते. टाइप-२ मधुमेह असलेल्या सुमारे तीनशे लोकांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींचा, जीवनसत्त्वे व खनिजे पुरेशी असलेला द्रवरूप आहार देण्यात आला. वर्षाच्या शेवटी त्यांतील ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला होता, आणि दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ३६ टक्के होते. हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते कसे मिळाले तेही सांगितले पाहिजे. पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून प्रकृतीवर लक्ष ठेवले गेले. द्रव आहारानंतर कित्येक आठवडे एकेक जेवण परत सुरू करण्यात आले. आणि पुढे महिन्यामागून महिने प्रशिक्षित परिचारिका व आहारतज्ज्ञ भेटत राहिले. आपल्याकडचे विक्रेते या चाचणीचे नाव घेऊन आठशे कॅलरींचा आकडा तेवढा उचलतात आणि त्याभोवतीची सारी यंत्रणा तिथेच सोडून येतात. एवढी यंत्रणा असूनही ३६ टक्क्यांचा आकडा पुढच्या वर्षांत आणखी घसरलाच, कारण बऱ्याच जणांचे वजन परतले.

वजन परत का येते, याचा दोष आपण सरसकट त्या माणसाच्या मनावर टाकतो. तोंडावर ताबा नाही, निश्चय नाही, असे नातेवाईक म्हणतात आणि पुढे तो स्वतःही तसेच मानू लागतो. याइतका अन्याय दुसरा नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि पोट भरल्याची जाणीव देणारी उतरलेली असतात, आणि वर्ष उलटल्यानंतरही ती पूर्ववत झालेली नसतात. वजन उतरवण्याच्या अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदा जणांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा त्यांची शरीरे विश्रांतीत असताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करीत होती. म्हणजे माणूस पूर्वीपेक्षा अधिक भुकेला असतो आणि त्याचे शरीर पूर्वीपेक्षा कमी जाळत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले होते. ते सडपातळ होते आणि त्यांना रोज चालवले जात होते, तेव्हा त्यांची आपली तुलना जपूनच करायला हवी. तरीही दिवसाला सरासरी १,५७० कॅलरी मिळत असताना ते चिडचिडे आणि उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. वहिनींच्या कागदावर याच्या जेमतेम एकतृतीयांश अन्न होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. हळूहळू उतरवलेले वजन टिकते आणि झटपट उतरवलेले परत येते, असे आपण सगळे गृहीत धरतो. पण ऑस्ट्रेलियातील दोनशे लोकांवरची २०१४ ची चाचणी तसे सांगत नाही. तीन महिन्यांत उतरवले काय आणि नऊ महिन्यांत उतरवले काय, ज्यांनी ठरलेले वजन गाठले त्या दोन्ही गटांत पुढील सुमारे तीन वर्षांत गमावलेल्या वजनापैकी ७१ टक्क्यांच्या आसपास परत आले. तेव्हा वेग हाच गुन्हेगार, असे म्हणून सुटका होत नाही. वजन उतरल्यानंतरचा काळ कसा जातो यावर सारे अवलंबून आहे, आणि नेमका तोच काळ कोणत्याही पॅकेजमध्ये नसतो.

तो काळ जातो घरात, आणि घर म्हणजे स्वयंपाकघर. नागपूरच्या मध्यमवर्गीय घरातली बाई स्वतःसाठी सूप आणि उरलेल्या पाच जणांसाठी भाजी, वरण, भात, पोळी असा दुहेरी स्वयंपाक किती महिने करील? भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी, वडे हे सगळे तिनेच रांधायचे आणि काकडी खाऊन उठायचे, हे एक वर्ष निभेल. दुसऱ्या वर्षी निभणार नाही, आणि निभावे अशी अपेक्षा करणेही बरोबर नाही. आपल्याकडे स्त्रीने शेवटी बसावे, उरलेसुरले खावे आणि आठवड्याला दोन उपवास धरावेत, हे आधीच चालत आले आहे. त्यावर आणखी एक उपाशीपणा आहारशास्त्राच्या नावाने लादला जातो आणि तिला वाटते की आपण स्वतःसाठी काही करतो आहोत. माझ्या मते जो आहार सगळ्या घराला चालत नाही, ज्यात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, झुणका यांना जागा नाही आणि सणासुदीला काय करायचे याचे उत्तर नाही, तो नागपूरपुरता तरी टिकाऊ नाही, मग तो कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असो. याच पदार्थांची मापे बदलून, तेलाची धार आवरून, सावजी रस्सा रोजचा न करता कधीमधी ठेवून, डाळ-ताक-अंड्यांचे प्रमाण वाढवून रोजची चार-पाचशे कॅलरींची तूट साधता येते. त्यात आठवड्याला जेमतेम अर्धा किलोच उतरेल. शिवाय अंबाझरीला किंवा फुटाळ्याला चालायला जाण्याइतकेच, आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायामही लागेल, कारण स्नायू राखण्याचा दुसरा मार्ग नाही.

दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीचा विषय येथे टाळता येत नाही, कारण तिचे मूळ नागपुरातच आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी तो विचार मांडला, आणि त्यांच्या पश्चात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर नेला. तिच्या शास्त्रीय बाजूवर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मला तिच्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या वाटतात: ती फुकट सांगितली जाते, आणि ताटात घरचेच अन्न राहते. पण तिलाही तीच कसोटी लावली पाहिजे. दोन जेवणांत पुरेशी प्रथिने जातात का, की दोन जेवणे म्हणता म्हणता आहार नऊशे कॅलरींवर आला आहे? साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून सुरुवात केली का? दुसऱ्या वर्षी काय झाले? हे प्रश्न विचारणे म्हणजे त्या पद्धतीचा अनादर नव्हे.

आता कायद्याकडे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने ज्या रोगांवरील उपायांच्या जाहिरातींना मनाई केली आहे, त्या यादीत मधुमेह आहे आणि स्थूलताही आहे. मात्र शरीराच्या कार्यावर परिणाम घडवणाऱ्या वस्तूंना 'औषध' ठरवताना त्या व्याख्येतून अन्न वगळले आहे. त्यामुळे 'चरबी जाळणारी गोळी' म्हटले तर कायदा आडवा येतो, आणि 'महिन्यात दहा किलो उतरवणारा आहार' म्हटले तर त्या कायद्यातून वाट मिळते. आहारतज्ज्ञांचा समावेश असलेला संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा २०२१ मध्ये संमत झाला, पण गल्लीतील 'न्यूट्रिशन कोच' कोणत्या शिक्षणाच्या बळावर सल्ला देतो हे विचारणारे कोणी आजही दारात येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. परंतु वजन परत आलेली व्यक्ती तक्रार करीत नाही, कारण दोष आपलाच, अशी तिची खात्री करून दिलेली असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की आठशे कॅलरींखालचा आहार नोंदणीकृत डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय विकणे हा गुन्हा ठरवावा. त्याहून अधिक कॅलरींचा आहार पैसे घेऊन देणाऱ्याने तो देण्यापूर्वी चालू औषधे, गरोदरपण, स्तनपान, मूत्रपिंडाचे विकार आणि हिमोग्लोबिन यांची लेखी नोंद घ्यावी, अठरा वर्षांखालील मुलामुलींना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे, आणि दिवसाच्या एकूण कॅलरी व प्रथिने त्याच कागदावर लिहून द्यावीत. जाहिरातीत किलोंचा आकडा छापायचा असेल तर किती जणांनी सुरुवात केली, किती जणांनी मध्येच सोडले आणि दोन वर्षांनी किती जणांचे वजन खाली राहिले, हे तीन आकडे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती असावी. दुसरीकडे मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या सार्वजनिक रुग्णालयांत वजनासाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालावा, जिथे आहारतज्ज्ञ त्याच माणसाला दोन वर्षे बोलावत राहील, त्याच्या घरी काय शिजते ते विचारून मापे बांधून देईल, आणि औषधांचा डोस वजनाबरोबर खाली आणायला डॉक्टर शेजारच्याच खोलीत असतील. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र, रक्ततपासणी आणि पुढची तारीख लिहिलेले कार्ड एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते.